सरकी पेंडीला पर्याय : दुधाळ गायीच्या खुराकात प्रथिनांचे दुसरे स्रोत कसे आणाल?

सरकी पेंडीचा भाव चढला की बहुतेक गोठ्यांत पेंडीचे घमेले अर्धे होते आणि आठवड्याभरात दूध उतरते. काही जण दुकानदार सांगेल ते स्वस्त पोते आणून एकदम गव्हाणीत ओततात. मग गायीचा चारा तुटतो, शेण पातळ होते आणि ‘सरकीशिवाय गाय दूधच देत नाही’ हा समज पक्का होतो. गायीला सरकी लागत नाही. तिला प्रथिने, ऊर्जा, तंतू आणि खनिजे लागतात. ती कुठल्या पोत्यातून आली, याच्याशी तिला देणेघेणे नसते. मात्र पोते बदलताना हिशेब आणि सवय या दोन्ही गोष्टी पाळाव्या लागतात.

हा लेख दुधाचा धंदा नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणादाखल ४०० किलो वजनाची, दिवसाला १२ लिटर दूध देणारी, मका मुरघास आणि ज्वारीचा कडबा खाणारी संकरित गाय धरली आहे. २० लिटरच्या वरच्या गायींचा हिशेब वेगळा असतो, त्यासाठी पशुआहार तज्ज्ञाकडून आहार बसवून घ्या.

सुरुवातीला हे जवळ ठेवा

- ताणकाटा किंवा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा
- शिवणकामाची टेप (गायीचे वजन काढायला)
- लाल लिटमस कागद, काचेचे दोन पेले, थोडे कच्च्या सोयाबीनचे किंवा तुरीच्या डाळीचे पीठ
- गेल्या १५ दिवसांच्या दूध संकलनाच्या पावत्या (लिटर, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ)
- गायीनिहाय नोंदवही : विण्याची तारीख, रेतनाची तारीख, रोजचे दूध
- पेंड-चुनी खरेदीची पक्की बिले आणि पोत्यावरची चिठ्ठी

घमेल्याने मोजायची सवय आधी सोडा. एकाच घमेल्यात गव्हाचा भुसा (कोंडा) आणि सोया डीओसी (तेल काढून घेतलेली सोयाबीन पेंड) भरून दोन्ही वजन करून पाहा. भुशाचे घमेले कितीतरी हलके निघते. पेंड बदलल्यावर ‘तितकेच घमेले’ दिले तर खुराक तितकाच राहत नाही.

## १. गायीला किती प्रथिने लागतात ते काढा

आधी वजन. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत घ्या. खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंत लांबी इंचांत घ्या. घेर × घेर × लांबी ÷ ६६० केले की किलोत वजन मिळते. घेर ६८ आणि लांबी ५६ असेल तर उत्तर साधारण ३९२ किलो येते. दुकानातल्या काट्याइतके ते अचूक नाही, पण आहारासाठी पुरते.

४०० किलोच्या गायीला नुसते शरीर चालवायला दिवसाला सुमारे ३२० ग्रॅम प्रथिने लागतात. ४ टक्के फॅटच्या दर लिटर दुधामागे आणखी ९० ग्रॅम धरा. म्हणजे १२ लिटरला १,०८० आणि ३२० मिळून १,४०० ग्रॅम. पहिल्या-दुसऱ्या वेतातली गाय स्वतः अजून वाढत असते आणि शेवटच्या दोन महिन्यांतल्या गाभण गायीला वासरासाठी वेगळे द्यावे लागते. त्यांना या आकड्याच्या वर ठेवा.

आता चाऱ्यातून किती जाते ते पाहा. इथे नवखे लोक हमखास चुकतात, कारण ते ओल्या वजनावर हिशेब करतात. हिशेब नेहमी पाणी वजा करून, कोरड्या भागावर करायचा.

- मका मुरघास १५ किलो : कोरडा भाग ३० टक्के म्हणजे ४.५ किलो, त्यात प्रथिने ८ टक्के, म्हणजे ३६० ग्रॅम
- ज्वारीचा कडबा ४ किलो : कोरडा भाग ३.६ किलो, प्रथिने ४ टक्के, म्हणजे साधारण १४५ ग्रॅम

चाऱ्यातून जेमतेम ५०५ ग्रॅम गेले. राहिलेले सुमारे ९०० ग्रॅम खुराकातून यायला हवेत. २० टक्के प्रथिनांचा (कोरड्या भागावर) खुराक ५ किलो दिला की हे जमते : कोरडा भाग ४.५ किलो, त्याचे २० टक्के म्हणजे ९०० ग्रॅम. पुढची सगळी अदलाबदल हा ९०० ग्रॅमचा आकडा सांभाळून करायची आहे.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचे (एनडीडीबी) ‘पशुपोषण’ नावाचे मोबाइल ॲप असाच हिशेब करून देते. पण एकदा हाताने केल्याशिवाय ॲपमध्ये काय भरतो आहोत हे कळत नाही.

## २. पोत्याचा नव्हे, प्रथिनाच्या किलोचा भाव काढा

सूत्र सोपे आहे : एका किलोचा भाव भागिले त्यातला प्रथिनांचा हिस्सा. खालचे भाव निव्वळ गणित दाखवायला घेतले आहेत. तुमच्या बाजारातले टाकून स्वतः काढा. प्रथिनांचे आकडे पोत्यातल्या मालावरचे, म्हणजे ओलाव्यासकट आहेत.

- सरकी पेंड (टरफलासह) : ३६ रुपये, प्रथिने २२ टक्के, म्हणजे प्रथिनाचा किलो सुमारे १६४ रुपये
- सोया डीओसी : ४४ रुपये, ४४ टक्के, म्हणजे १०० रुपये
- मका डीडीजीएस (इथेनॉल काढल्यावर उरलेला वाळका चोथा) : २० रुपये, २६ टक्के, म्हणजे ७७ रुपये
- भात डीडीजीएस : २४ रुपये, ४० टक्के, म्हणजे ६० रुपये
- तूर चुनी : २४ रुपये, १४ टक्के, म्हणजे १७१ रुपये

पोत्याच्या भावात सोया महाग दिसते आणि चुनी स्वस्त. प्रथिनांवर आणल्यावर चित्र उलटे होते. पण एवढ्यावरून सगळी सरकी काढून टाकू नका. सरकी पेंडीत ६ ते ८ टक्के तेल असते, टरफलाचा तंतू असतो आणि बरेचसे प्रथिन कोठीपोटात (गायीच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात) न फुटता पुढे आतड्यापर्यंत जाते. सोया डीओसीतले तेल काढून घेतलेले असते. सरकी काढली तर तिची ऊर्जा आणि तंतू दुसरीकडून भरावे लागतात. चुनी महाग पडली तरी ती चवीला चांगली असते, गाय आवडीने खाते. तिला प्रथिनांचा स्रोत न मानता धान्याच्या जागी धरा, म्हणजे घोटाळा होणार नाही.

## ३. पर्याय नीट ओळखून घ्या

सोया डीओसी. मराठवाडा-विदर्भातल्या सोयाबीनमुळे महाराष्ट्रात हा माल सहज मिळतो आणि प्रथिनांचा दर्जाही सर्वांत भरवशाचा. त्यामुळे नवख्याने सुरुवात इथून करावी. डीओसी नीट भाजलेली हवी. कच्ची राहिली तर तिच्यात युरिएज हे विकर शिल्लक राहते आणि खुराकात युरिया असेल तर ते त्याचा झपाट्याने अमोनिया करते. तपासायचे असेल तर चिमूटभर युरिया विरघळवलेल्या कोमट पाण्यात चमचाभर डीओसी टाका, दहा मिनिटांनी लाल लिटमस बुडवा. कागद पटकन निळा झाला तर माल कच्चा आहे. याच कारणाने घरचे कच्चे सोयाबीन भरडून युरियायुक्त खुराकात कधीही घालू नका.

डीडीजीएस. धान्यापासून इथेनॉल काढल्यावर उरलेला वाळवलेला चोथा. एक टन धान्यामागे साधारण ३०० किलो निघतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढले तसे धान्यावरचे कारखाने वाढले आणि हा माल बाजारात मुबलक झाला. मक्याच्या डीडीजीएसमध्ये २६ ते ३० टक्के प्रथिने असतात, भाताच्यात ४० ते ४५. स्टार्च निघून गेलेला असतो, त्यामुळे प्रथिने, तेल आणि तंतू मूळ धान्याच्या जवळजवळ तिप्पट दाट होतात. दुर्दैवाने हेच बुरशीच्या विषालाही लागू आहे. धान्य बुरशी लागलेले असेल तर त्यातले अफ्लाटॉक्सिनही तिप्पट दाट होऊन चोथ्यात येते, कारण ते ना आंबवण्यात मरते ना वाळवण्यात.

दुसरी भानगड वाळवणीची. जास्त तापवलेल्या मालाचा रंग कॉफीसारखा गडद होतो आणि त्याला जळका वास येतो. अशा मालातले काही प्रथिन साखरेला घट्ट चिकटलेले असते. प्रयोगशाळा ते ‘४२ टक्के’ म्हणून मोजते, गाय मात्र ते शेणात टाकून देते. लायसिन हे अमिनो आम्ल आधी जळते, म्हणून सोया डीओसी पूर्ण काढून तिथे भात डीडीजीएस भरणे महागात पडते. निम्मी सोया ठेवा. रंग सोनेरी ते फिकट तपकिरी, वास किंचित आंबूस-गोड आणि मुठीत दाबल्यावर गोळा न होणारा माल घ्या. प्रमाण सुरुवातीला खुराकाच्या १० टक्के, सवय झाल्यावर आणि तपासणी अहवाल चांगला असेल तर १५ ते २० टक्के. एका कारखान्याचा माल दुसऱ्यासारखा नसतो आणि एकाच कारखान्याचे दोन ट्रकही सारखे नसतात.

बिअरचा चोथा, म्हणजे गोठ्यांतली ‘बार्ली’. छत्रपती संभाजीनगरसारख्या बिअर कारखान्यांच्या पट्ट्यात जवळच्या गोठ्यांना तो परवडतो. दूरच्यांनी वाहतुकीचा हिशेब करावा, कारण त्यात ७५ ते ८० टक्के पाणी असते. कोरड्या भागावर प्रथिने २० ते २६ टक्के. १० किलो ओल्या चोथ्यातून सुमारे ५०० ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे सव्वादोन किलो सरकी पेंडीइतकी. सुरुवात २ किलोने करा, १० किलोच्या वर जाऊ नका. उन्हाळ्यात उघडा ठेवलेला चोथा दोन-तीन दिवसांत खराब होतो. हवाबंद पिंपात ठासून भरला, वरून मीठ पसरले आणि प्लॅस्टिकने झाकला तर टिकतो. रोज उघडायचे तेवढेच पिंप उघडा. वर हिरवी-राखाडी बुरशी दिसली तर वरचा थर काढून बाकीचा वापरण्याचा मोह आवरा. माल्टच्या चोथ्यावर वाढणाऱ्या एका बुरशीच्या विषाने गायी थरथरतात, मागचे पाय लुळे पडतात आणि अशा गायी बऱ्याचदा वाचत नाहीत. चोथ्यात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम कमी असते, म्हणून खनिज मिश्रण चुकवू नका.

मका ग्लुटेन, मोहरी, शेंगदाणा, तीळ, खोबरे, ग्वार कोरमा. शेंगदाणा पेंड गायीची आवडती, ४० टक्क्यांच्या वर प्रथिने, पण अफ्लाटॉक्सिनचा धोका सर्वांत जास्त. पावसाळ्यात तर अहवालाशिवाय घेऊच नये. मोहरीची पेंड तिखट वासाची असते, खुराकाच्या १० टक्क्यांपर्यंत ठीक. खोबरेल पेंडीत प्रथिने २० ते २२ टक्केच असतात आणि ती लवकर खवट होते. कोकण-गोव्यात ताजी मिळत असेल तर चांगली. ग्वार कोरम्यात (गवारीच्या बियांतून डिंक काढल्यावर उरलेल्या भागात) ५० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात, पण त्याचा वास गायीला आवडायला वेळ लागतो. भाजलेला घ्या, १० टक्क्यांत ठेवा, वासरांना देऊ नका.

शेतातली प्रथिने. पाणी असेल तर हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, आणि विकतच्या पोत्यांच्या गडबडीत तोच विसरला जातो. १० किलो हिरव्या लसूणघासात २ किलो कोरडा भाग आणि त्यात सुमारे ४०० ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे १.८ किलो सरकी पेंड शेतातच तयार झाली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आरएल-८८ हा वाण बहुवर्षायू आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकरी १० किलो बियाणे, ओळींत ३० सेंटिमीटर अंतर, पहिली कापणी ५५ ते ६० दिवसांनी आणि पुढच्या दर २५ ते ३० दिवसांनी. बियाण्यात अमरवेल नसल्याची खात्री करा. एकदा ती पसरली की पीक मोडावे लागते. सकाळी दव असलेला कोवळा लसूणघास उपाशी गायीला टाकला की पोटफुगी ठरलेली. आधी कडबा, मग सुकवून कोमेजलेला लसूणघास.

बांधावर दशरथ घास, शेवगा, हादगा लावा. सुबाभळीच्या पाल्यात २० ते २५ टक्के प्रथिने असतात, पण त्यात मिमोसिन असते. हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशाहून जास्त आणि रोज दिला तर शेपटीचे केस गळतात, लाळ गळते, गळ्यातली ग्रंथी सुजते. गाभण गायींना न दिलेला बरा.

अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगत वाढणारे छोटे नेचे. याच्याबद्दल इतके बोलले जाते की आकडे मांडावेच लागतात. कोरड्या भागावर २० ते २५ टक्के प्रथिने, हे खरे. पण ताज्या अझोल्यात कोरडा भाग जेमतेम ६ टक्के. एक किलो ताज्या अझोल्यातून १३ ग्रॅम प्रथिने मिळतात, तेवढी ३० ग्रॅम सोया डीओसीतही असतात. एका लिटर दुधाची ९० ग्रॅम प्रथिने अझोल्यातून भागवायची तर रोज ७ किलो अझोला लागेल, म्हणजे साधारण २५ ते ३० चौरस मीटर वाफा. कोंबड्या किंवा एखाद-दुसरी गाय असेल तर हौसेने करा. दहा गायींच्या गोठ्यात पेंडीला पर्याय म्हणून त्यावर विसंबू नका.

युरिया. तो प्रथिन नाही, नत्र आहे. कोठीपोटातले जीवाणू त्यापासून स्वतःचे प्रथिन बनवतात, तेही पुरेशी ऊर्जा सोबत असेल तरच. सर्वांत सुरक्षित वापर म्हणजे वाळक्या वैरणीवर प्रक्रिया. १०० किलो गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा, ४ किलो युरिया, ४० ते ५० लिटर पाणी. थर देत शिंपडा, तुडवून हवा काढा, प्लॅस्टिकने हवाबंद झाका, २१ दिवस ठेवा. ३ टक्के प्रथिनांची वैरण ७-८ टक्क्यांवर जाते. काढल्यावर तासभर हवेवर पसरून मगच द्या. सहा महिन्यांखालच्या वासरांना नाही. खुराकात मिसळायचा तर १ टक्क्याच्या आत, कणन् कण मिसळून, आणि गोळी पेंडीत आधीच युरिया आहे का हे विचारून. प्रक्रिया केलेली वैरण, युरियाची चाटण वीट आणि युरियाची गोळी पेंड या तिन्हींची बेरीज कुणी करत नाही, आणि विषबाधा तिथेच होते. तोंडाला फेस, थरथर, पोटफुगी, झोकांड्या ही लक्षणे अर्ध्या तासातही दिसू शकतात. डॉक्टरांना तातडीने बोलवा. ते येईपर्यंत व्हिनेगर आणि थंड पाणी पाजण्याबद्दल त्यांना फोनवरच विचारा. अडखळणाऱ्या गायीला जबरदस्तीने पाजले तर ते फुप्फुसात जाते.

हे कधीच नाही. एरंडीची आणि करंजाची पेंड खत म्हणून विकली जाते. एरंडीत रिसिन हे विष असते. तिचे पोते गोठ्याच्या खोलीत ठेवूच नका, गडीमाणूस चुकून मिसळू शकतो. मांस-हाडांचा चुरा किंवा रक्ताची पावडर यांचे गाय-डुक्कर वर्गातले पदार्थ दुधाळ जनावरांना देण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) नियमांत मनाई आहे. ब्रिटनमध्ये १९८६ साली ओळखल्या गेलेल्या ‘मॅड काउ’ रोगाचा प्रसार अशाच खाद्यातून झाला.

## ४. ट्रक उतरवण्याआधी तपासा

दर दहा पोत्यांमागे निदान एका पोत्यातून, वरून-मधून-खालून मूठभर माल काढा. सगळा एकत्र करून अर्धा किलोचा नमुना करा, त्याचे दोन भाग करून बंद पिशव्यांत ठेवा. एक प्रयोगशाळेला, एक तुमच्याकडे. पिशवीवर मालाचे नाव, लॉट, तारीख आणि बिल क्रमांक लिहा. भांडणाची वेळ आली तर दुसरी पिशवीच कामाला येते.

जागेवरच्या तीन चाचण्या :

1. वाळू. १०० ग्रॅम माल बादलीभर पाण्यात ढवळा. तळाशी कचकच उरली तर पोत्यात माती आहे.
2. युरिया. चमचाभर माल कोमट पाण्यात ढवळून गाळा. गाळलेल्या पाण्यात कच्च्या सोयाबीनचे किंवा तुरीचे पीठ टाका, झाकून दहा मिनिटे ठेवा, लाल लिटमस बुडवा. दुसऱ्या पेल्यात नुसते पाणी आणि पीठ ठेवा, म्हणजे तुलना होते. मालाच्या पेल्यात कागद निळा झाला आणि दुसऱ्यात नाही, तर युरियाची भेसळ आहे. ही चाचणी महत्त्वाची, कारण प्रयोगशाळा नत्र मोजून त्यावरून प्रथिने काढते. १ किलो युरिया प्रयोगशाळेला २.८ किलोंहून अधिक प्रथिनांसारखा दिसतो. स्वस्त डीडीजीएस अचानक ५० टक्के दाखवू लागले तर आनंद मानू नका.
3. नाक आणि हात. कुबट वास, गुठळ्या, पोत्याच्या मध्यभागी ऊब. यांपैकी एक जरी असेल तरी परत पाठवा.

प्रयोगशाळेत ओलावा, प्रथिने, तेल, तंतू, आम्लात न विरघळणारी राख, युरिया आणि अफ्लाटॉक्सिन बी१ तपासायला सांगा. नुसता ‘प्रथिनांचा अहवाल’ पुरत नाही. शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात सोय कुठे आहे याची चौकशी करा. पशुखाद्याच्या बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) मानकात बी१ ची कमाल मर्यादा २० पीपीबी, म्हणजे किलोला २० मायक्रोग्रॅम आहे. गायीने खाल्लेल्या बी१ चा काही भाग एम१ होऊन दुधात उतरतो आणि दुधासाठी मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. डेअरीने टँकर नाकारला तर कारण बहुधा गव्हाणीत असते.

## ५. शंभर किलोचे मिश्रण

सरकी निम्म्याहून कमी करून बसवलेले, सुमारे २० टक्के प्रथिनांचे (कोरड्या भागावर) मिश्रण :

- मका भरडा २८ किलो
- गव्हाचा भुसा २० किलो
- सरकी पेंड १५ किलो
- सोया डीओसी १२ किलो
- तूर चुनी १२ किलो
- मका डीडीजीएस १० किलो
- खनिज मिश्रण २ किलो
- मीठ १ किलो

एका पेंडीवर न राहता तीन स्रोत घेण्यामागे कारण आहे. सोया, शेंगदाणा, मोहरी यांचे प्रथिन कोठीपोटात लवकर फुटते आणि जीवाणूंच्या कामी येते. सरकी आणि डीडीजीएसचे बरेचसे प्रथिन तसेच पुढे जाऊन आतड्यात पचते. दोन्ही हवीत. नुसते फुटणारे दिले तर जादा अमोनिया रक्तात जातो, नुसते न फुटणारे दिले तर जीवाणू उपाशी राहतात आणि कडबा पचत नाही.

मिसळताना मीठ आणि खनिजे आधी ५ किलो भुशात कालवा, मग ढिगावर पसरा. थेट ढिगात टाकलेले मीठ एकाच गायीच्या वाट्याला येते. सरकीच्या वड्या फोडून घ्या. आख्ख्या वड्या भिजवून आंबोण करत असाल तर ते त्याच वेळेला संपले पाहिजे. उन्हाळ्यात सकाळचे आंबोण संध्याकाळी आंबते.

भात डीडीजीएस स्वस्त मिळाले तर सोया डीओसीतले ६ किलो काढून तिथे ६ ते ७ किलो घाला, भर मक्यातून वजा करा. लसूणघास १० किलो चालू असेल तर खुराकाचे प्रमाण न घटवता त्यातली सोया कमी करून मका वाढवा, म्हणजे ऊर्जा टिकते. प्रथिने जास्त झाली म्हणून सरसकट खुराकच तोडणे चुकीचे.

## ६. बदल सोळा दिवसांत करा

कोठीपोटातले जीवाणू नव्या खाद्याला सरावायला दोन आठवडे घेतात. पहिले चार दिवस पाव भाग नवा आणि पाऊण जुना, पुढचे चार निम्मा-निम्मा, मग पाऊण नवा, तेराव्या दिवसापासून पूर्ण नवा. गाय बाजूला सारत असेल तर त्याच पायरीवर थांबा. गूळ शिंपडून जबरदस्ती पुढे ढकलू नका. शेण पातळ झाले तर एक पायरी मागे या.

सगळ्या गायींवर एकदम प्रयोग नको. सारख्या दुधाच्या दोन-तीन गायी निवडा, बाकीच्यांना जुनाच खुराक राहू द्या. विण्याआधी आणि विल्यानंतर तीन आठवड्यांतल्या गायी या प्रयोगातून वगळा.

वासाच्या गोष्टी (मोहरी, ग्वार, चोथा) धार काढल्यावरच द्या, नाहीतर वास दुधात येतो.

## ७. साठवण

जमिनीवर नको, लाकडी पाटांवर. भिंतीपासून हातभर अंतर. ओलावा ११ टक्क्यांच्या आत असलेलाच माल साठवा. जून ते सप्टेंबर १५ दिवसांपुरताच माल ठेवा, स्वस्त मिळतो म्हणून महिनाभराचा भरून ठेवलेला पावसाळ्यात महाग पडतो. आधी आलेले पोते आधी. बुरशी लागलेला माल उन्हात वाळवला की बुरशी मरते, विष तसेच राहते.

## ८. काय पाहायचे

दूध संकलनाची पावती रोज वाचा. गायीच्या दुधाचा भाव आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर ठरतो, त्यामुळे अर्धा लिटर वाढूनही एसएनएफ घसरला तर फायदा दिसत नाही. सरकी कमी केल्यावर फॅट पडते अशी तक्रार सर्रास असते. फॅट मुख्यतः चाऱ्याच्या तंतूंवर आणि रवंथावर उभे राहते. बहुतेक वेळा झालेले असते ते असे : सरकीच्या टरफलाचा तंतू गेला, कुट्टी फार बारीक, आणि खुराक दोनच वेळा भरपूर. कडबा एखाद किलोने वाढवा, कुट्टी इंचभर ठेवा, खुराक तीन वेळांत विभागा आणि आठवडाभर थांबा. विश्रांती घेणाऱ्या दहापैकी निदान पाच-सहा गायी रवंथ करत असल्या पाहिजेत.

एसएनएफ पडला तर आधी ऊर्जा तपासा. सोया वाढवून तो बहुधा सुधारत नाही, मक्याचा भरडा वाढवून सुधारतो.

प्रथिने जास्त झाल्याची खूण गोठ्यात शिरल्यावरच लागते : मुताला डोळे चुरचुरणारा अमोनियाचा वास, पातळ चकाकणारे शेण, गाय वारंवार उलटणे (रेतन करूनही गाभण न राहणे). डेअरीत सोय असेल तर दुधातल्या युरिया नत्राची तपासणी करून घ्या. डेसिलिटरला १२ ते १६ मिलिग्रॅम योग्य, त्याच्या वर राहत असेल तर महागडी प्रथिने मुतावाटे जात आहेत.

उलट, दूध हळूहळू उतरते, शेण घट्ट गोळ्यांचे होते, गाय कडबा उरवते : ही प्रथिने कमी पडल्याची लक्षणे. कडबा पचवणाऱ्या जीवाणूंनाच नत्र मिळत नाही, म्हणून चाराही खाल्ला जात नाही.

तीन आठवड्यांनी हिशेब मांडा : प्रयोगातल्या गायींचा खुराकाचा रोजचा खर्च, दुधाचे पैसे, आणि जुन्या खुराकावरच्या गायींशी फरक. एखादी गाय विण्यापासून लांब गेली असेल तर तिचे दूध तसेही उतरणार, तो दोष नव्या पेंडीवर टाकू नका. त्यासाठीच जुन्या खुराकावरच्या गायी ठेवल्या होत्या.

आणि पुढचा ट्रक आला की वाळू, युरिया, वास या तिन्ही चाचण्या पुन्हा करा. डीडीजीएसचा नवा लॉट म्हणजे नवे खाद्य. जुन्या लॉटची दोन पोती शिल्लक असतानाच नवा मागवा आणि तीन-चार दिवस दोन्ही मिसळून द्या.